बीटल्सचा 'रिव्हॉल्व्हर' (१९६६) : रेकॉर्ड हीच मूळ कृती झाली ती इथे का?

चुंबकफीत

नमस्कार मंडळी. बीटल्सवर इथे अधूनमधून धागे निघतात, पण चर्चा 'येस्टरडे'पासून सुरू होते आणि ऋषिकेशला जाऊन थांबते. मला एकाच अल्बमबद्दल बोलायचं आहे. 'रिव्हॉल्व्हर', प्रकाशन ५ ऑगस्ट १९६६.

सायकेडेलिक रॉक (नशेतल्या भासांसारखे आवाज घडवणारं रॉक) म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर बीटल्सच्याच पुढच्या 'सार्जंट पेपर' अल्बमचं रंगीबेरंगी कव्हर येतं. खरी उलथापालथ त्याच्या दहा महिने आधी, या काळ्या-पांढऱ्या कव्हरच्या आत झाली, असं माझं ठाम मत आहे.

'टुमॉरो नेव्हर नोज' हे अल्बममधलं शेवटचं गाणं, पण रेकॉर्डिंगला घेतलं सगळ्यात आधी, ६ एप्रिल १९६६ ला. गाणं जवळजवळ पूर्ण एकाच कॉर्डवर उभं आहे. रिंगोच्या बास ड्रममध्ये लोकरी स्वेटर कोंबला होता आणि माइक अगदी जवळ आणला होता. लेननला आपला आवाज डोंगरमाथ्यावरून मंत्र म्हणणाऱ्या दलाई लामांसारखा हवा होता, म्हणून गाण्याच्या उत्तरार्धात तो हॅमंड ऑर्गनच्या गरगर फिरणाऱ्या लेस्ली स्पीकरमधून काढला. त्यावर मॅकार्टनीने घरी तयार केलेल्या टेपच्या लूप, म्हणजे टोकं जोडून पुन्हा पुन्हा फिरवायचे तुकडे. समुद्रपक्ष्यांचा कलकलाट वाटतो तो मॅकार्टनीच्या हसण्याचा आवाज आहे, वेग वाढवलेला. हे सगळं तीन मिनिटांच्या आत.

त्या वेळी हे स्टेजवर वाजवणं शक्य नव्हतं. त्या उन्हाळ्यात बीटल्स जर्मनी, जपान, फिलिपीन्स आणि अमेरिकेत फिरले, पण या अल्बममधलं एकही गाणं त्यांनी वाजवलं नाही. २९ ऑगस्टला सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कवर दौरे कायमचे संपले.

त्याआधी रेकॉर्ड म्हणजे कुणीतरी गायलेल्या गाण्याची नोंद असायची. इथून पुढे रेकॉर्ड हीच मूळ कृती झाली. आज खोलीत लॅपटॉपवर गाणं बांधणारा प्रत्येक मुलगा-मुलगी या अल्बमची वारसदार आहे, मग त्यांनी तो ऐकला असो वा नसो. पटतं का? तुमच्या ऐकण्यात याचा ठसा कुठे सापडतो?

मीनल_ठाणे

रुमाल टाकून ठेवते. रात्री सवडीने लिहिते.

ढोलकीवाला

वाचनखूण साठवली. कानात हेडफोन घालून पुन्हा येतो.

तळेगावकर

धागा छान, पण 'इथून पुढे' या शब्दांवर माझा आक्षेप आहे. पॅरिसमध्ये पियरे शेफर १९४८ मध्ये आगगाडीचे आवाज कापून, जोडून संगीत करत होता. जर्मन संगीतकार स्टॉकहाउझेनने १९५६ मध्ये एका पोरसवदा गळ्याच्या आवाजाचे तुकडे करून त्यात इलेक्ट्रॉनिक स्वर मिसळले. बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये डेलिया डर्बीशरने १९६३ मध्ये 'डॉक्टर हू'चं शीर्षकसंगीत अक्षरशः टेपचे तुकडे मोजून, चिकटवून उभं केलं. मॅकार्टनी स्टॉकहाउझेन ऐकत होता, हे तो स्वतःच सांगतो.

आणि पॉपमध्येच बोलायचं तर लेस पॉलला विसरून कसं चालेल? गिटारवर गिटार, त्यावर पत्नी मेरी फोर्डचा आवाज थरावर थर, हे सगळं पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला. बीच बॉईजचा 'पेट साउंड्स' मे १९६६ चा. द बर्ड्सचं 'एट माइल्स हाय' त्याच वर्षी मार्चमध्ये आलं, तेही जॅझवाला कोल्ट्रेन आणि रविशंकर ऐकून केलेलं. बीटल्सचं मोठेपण मला मान्य आहे, पण त्यांना जनकत्व देऊ नका.

चुंबकफीत

तळेगावकर, तुम्ही दिलेली सगळी नावं मला वंदनीय आहेत. माझा दावा मात्र शोधाबद्दल नाही. शेफर ऐकायला माणूस मुद्दाम वाट वाकडी करून जायचा. 'रिव्हॉल्व्हर' घरात आला तो 'यलो सबमरीन'सोबत. ज्या तबकडीवर लहान मुलांनी टाळ्या पिटत म्हणायचं गाणं आहे, तिच्याच दुसऱ्या बाजूच्या शेवटी 'टुमॉरो नेव्हर नोज' आहे. आठ-दहा वर्षांच्या पोरांच्या कानावर टेप-लूप पडल्या आणि ती पोरं पुढे गिटार घेऊन बसली. प्रभाव म्हणतात तो असा पसरतो.

खर्जातला_सा

मी मूळचा शास्त्रीय संगीताचा श्रोता. थोडी सतारही शिकलो आहे. त्यामुळे माझं लक्ष पहिल्या बाजूच्या चौथ्या गाण्याकडे, 'लव्ह यू टू'कडे.

आधीच्या अल्बमवर 'नॉर्वेजियन वुड'मध्ये हॅरिसनने सतार वाजवली होती, ती ऑक्टोबर १९६५ ची गोष्ट. तिथे सतार गिटारच्या जागी बसलेली आहे. गाणं इंग्लिश लोकगीताच्या चालीचं आणि सतार त्याला नक्षी काढते. 'लव्ह यू टू'मध्ये सहा महिन्यांत किती अंतर कापलंय बघा. सुरुवातीला तालाशिवाय सतार, म्हणजे आलापाची खूण. तरफांवरून बोट फिरवल्याचा तो झणकारही आहे. मग तबला येतो आणि लय बांधली जाते. स्वर काफी थाटाच्या जवळचे. कॉर्डची ये-जा जवळपास नाही, सगळं षड्जाला धरून. आणि शेवटी लय चढते, द्रुत होते, आणि गाणं त्याच वेगात हळूहळू विरून जातं. तीन मिनिटांत मैफलीची आखणी! कच्ची आहे, घाईची आहे, पण आखणी तीच आहे. तेही रविशंकरांची भेट होण्याआधी, कारण ती भेट जूनमध्ये झाली.

तबल्यावर अनिल भागवत आहेत. लंडनमध्ये अयाना अंगडी आणि त्यांच्या पत्नीची एशियन म्युझिक सर्कल नावाची संस्था होती, तिच्यामार्फत त्यांना बोलावणं गेलं. रेकॉर्डिंग ११ एप्रिल १९६६. भागवतांनी नंतर सांगितलेली हकीकत अशी की कुणासोबत वाजवायचं ते त्यांना आधी कळलंच नव्हतं, घरापाशी रोल्स रॉईस येऊन उभी राहिली तेव्हा उलगडा झाला. हॅरिसनने त्यांच्याकडे सोळा मात्रांचा ठेका मागितला आणि बाकी उपज त्यांच्यावर सोपवली.

तेव्हा चुंबकफीत, मशीनचं सगळं खरं, पण दोन्ही गाण्यांचा पाया तंबोऱ्याचा आहे. 'टुमॉरो नेव्हर नोज'च्या सुरुवातीला पहिला आवाज ऐकू येतो तो तंबोऱ्याचाच. तीन-तीन कॉर्ड बदलल्याशिवाय गाणं पुढे सरकत नाही, ही त्यांच्याकडची सवय त्या एका स्थिर स्वराने मोडली. एकाच जागी थांबूनही संगीतात खोल जाता येतं, हे पाश्चात्त्य पॉपच्या श्रोत्याला इथे कळलं. माझ्या मते टिकलेला प्रभाव हा आहे.

ढोलकीवाला

भागवत!! बीटल्सच्या तबकडीवर भागवत! आज रात्री तबला लावूनच झोपणार.

प्राजक्ता_के

खर्जातला_सा, प्रतिसाद फार आवडला. या वाद्याला तिकडे 'टॅम्बुरा' म्हणतात आणि पुष्कळांना ते सतारीचंच भावंड वाटतं, म्हणून कुणी त्याच्याकडे नीट कान देत नाही. आता मुद्दाम ऐकते.

चौथी_खुंटी

भागवतांच्या निमित्ताने एक गोष्ट नोंदवतो. कव्हरच्या मागे त्यांचं नाव छापलेलं आहे आणि त्या काळात हे सहज होत नसे. 'फॉर नो वन'मध्ये हॉर्न वाजवणाऱ्या अ‍ॅलन सिव्हिलचंही नाव आहे. पण 'एलिनॉर रिग्बी'तल्या चार व्हायोलिन, दोन व्हायोला आणि दोन चेलो वाजवणाऱ्या आठ वादकांची नावं नाहीत. 'लव्ह यू टू'मध्ये एशियन म्युझिक सर्कलच्या बाकी वादकांचीही नाहीत. तंबोऱ्याला पाया म्हणायचं आणि तंबोऱ्यावर बसलेल्या माणसाला नाव नाही, हे मला बोचतं. आपल्याकडे सिनेसंगीतातही तेच झालं. पिढ्यान्‌पिढ्या वादकांनी गाणी अजरामर केली आणि तबकडीवर संगीतकार, गीतकार, गायक एवढेच राहिले.

न्यूजर्सीचे_नाना

अमेरिकेतल्या मंडळींसाठी एक माहिती. इथे १९६६ मध्ये जो 'रिव्हॉल्व्हर' विकला गेला तो वेगळाच होता. ब्रिटिश तबकडीवर १४ गाणी, अमेरिकन तबकडीवर ११. लेननची तीन गाणी, 'आय अ‍ॅम ओन्ली स्लीपिंग', 'अँड युअर बर्ड कॅन सिंग' आणि 'डॉक्टर रॉबर्ट', कॅपिटल कंपनीने आधीच दुसऱ्या एका संकलनात घालून विकली होती. त्यामुळे उरलेल्या अल्बममध्ये लेननची फक्त दोन गाणी राहिली. इथल्या माझ्या वयाच्या मित्रांशी बोलताना हा अल्बम त्यांना मॅकार्टनी-हॅरिसनचा का वाटतो ते मला बरेच दिवस कळत नव्हतं. त्याचं कारण हे.

सीडी आल्यावर १४ गाण्यांची ब्रिटिश यादी जगभर एकसारखी झाली. नव्याने ऐकणाऱ्यांनी तीच ऐकावी.

नवखी

मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बीटल्स फार ऐकलेले नाहीत, हा धागा वाचून काल पहिल्यांदा पूर्ण अल्बम ऐकला. एक प्रश्न. सायकेडेलिक म्हणजे शेवटी एलएसडीचं संगीत ना? मग नशा न करणाऱ्याला ते पूर्ण कळतं का? मला 'आय अ‍ॅम ओन्ली स्लीपिंग' प्रचंड आवडलं, म्हणून विचारते.

मीनल_ठाणे

आले एकदाची. नवखी, तुझ्या प्रश्नापासूनच सुरुवात करते.

एलएसडीचा संबंध खराच आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. लेनन आणि हॅरिसन यांना १९६५ मध्ये एका दंतवैद्याने जेवणानंतरच्या कॉफीतून न सांगता ते दिलं होतं. 'शी सेड शी सेड'चं बीज त्याच वर्षी लॉस एंजेलिसमध्ये अशाच एका दुपारी अभिनेता पीटर फोंडाच्या बोलण्यातून पडलं. 'टुमॉरो नेव्हर नोज'चे शब्द एलएसडीचा पुरस्कर्ता टिमथी लिअरी आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या पुस्तकावरून आले. ते पुस्तक तिबेटी मृत्युग्रंथाच्या आधाराने लिहिलेलं होतं. म्हणजे मरणाच्या वाटेवरच्या जिवाला सांगायचा उपदेश, त्याचा नशेसाठी केलेला वापर आणि त्यावर पॉप गाणं, अशी ती साखळी.

पण तुला आवडलेलं गाणं घे. त्यातली गिटार उलटी ऐकू येते. हॅरिसनने आधी सुरावट ठरवली, ती शेवटाकडून सुरुवातीकडे कशी वाजवावी लागेल ते मांडलं, तशी वाजवली आणि मग टेप उलटी फिरवली. हे काम रात्री बराच वेळ चाललं. नशेत असलेल्या माणसाकडून असलं काम होत नाही. अनुभव कुठूनही आलेला असो, कानाला ऐकू येते ती मेहनत आहे आणि ती कळायला शुद्धीतला कान पुरतो. तुला ते गाणं आवडलं, म्हणजे कळलंच.

आता चुंबकफीत यांच्याशी थोडं भांडते. तुम्ही सगळे यंत्र, लूप, स्पीकर यांतच रमलात. मला विचाराल तर या अल्बमचं सगळ्यात धाडसी गाणं 'एलिनॉर रिग्बी' आहे. त्यात एकही बीटल वाद्य वाजवत नाही. पॉपच्या यादीत पहिल्या क्रमांकावर जाणारं गाणं, आणि विषय काय, तर एकटं मेलेलं एक माणूस आणि रिकामं चर्च. बीटल्सचा निर्माता जॉर्ज मार्टिनने तंतुवाद्यांसाठी चित्रपटसंगीतकार बर्नार्ड हरमनच्या पार्श्वसंगीताचा धागा पकडला आणि माइक इतके जवळ लावले की गज तारेवर घासल्याचं ऐकू येतं. त्या गोड, पसरट व्हायोलिनांची सवय असलेल्या कानांना तो खरखरीत आवाज केवढा नवा वाटला असेल! 'फॉर नो वन' दोन मिनिटांचं आहे, आणि संपलेल्या प्रेमावर त्याहून नेमकं काही मी ऐकलेलं नाही. यंत्रं जुनी झाली. ही गाणी आजही पेटीवर बसून म्हणता येतात, म्हणून अल्बम टिकला.

प्राजक्ता_के

मीनलताई, पूर्ण सहमत. 'हिअर, देअर अँड एव्हरीव्हेअर'चं नाव अजून कुणी कसं घेतलं नाही?

मीनल_ठाणे

ते मी स्वतःसाठी राखून ठेवलं होतं!

फेडर_वर

मी मुंबईत ध्वनिमुद्रणाचं काम करतो, त्यामुळे यंत्रांची बाजू घेणं माझ्याकडे आलं.

या अल्बमचा ध्वनिमुद्रण इंजिनिअर जेफ एमरिक तेव्हा वीस वर्षांचा होता. आधीचा इंजिनिअर नॉर्मन स्मिथ याला ईएमआय कंपनीने निर्माता म्हणून बढती दिली, म्हणून त्याची जागा या पोराला मिळाली. कंपनीच्या स्टुडिओत पांढरे कोट घालणारे तंत्रज्ञ आणि नियमांची वही होती. माइक किती अंतरावर असावा याचेही नियम. एमरिकने ते मोडले. आज ड्रमला जवळून माइक लावणं ही इतकी साधी गोष्ट आहे की शिकाऊ मुलगाही पहिल्या दिवशी तेच करतो.

दुसरं नाव केन टाउनसेंड. लेननला एकच ओळ दोनदा गाऊन जुळवायचा कंटाळा होता. टाउनसेंडने दोन टेप मशीन अशी जोडली की एकाच आवाजाची किंचित मागे-पुढे सरकलेली दुसरी प्रत त्याच वेळी मिळावी. याला एडीटी म्हणतात. लेननने जॉर्ज मार्टिनला हे कसं चालतं विचारलं तेव्हा त्यांनी थट्टेत काहीतरी अगम्य तांत्रिक नाव सांगितलं आणि त्यात 'फ्लँज' हा शब्द होता. लेनन मग सारखा तेच मागत राहिला. आज माझ्या संगणकात हे एका क्लिकवर होतं, आणि मराठी चित्रपटांच्या गाण्यांत मी ते रोज वापरतो.

आणि नॉर्मन स्मिथचं पुढे काय झालं? १९६७ मध्ये त्याने पिंक फ्लॉइडचा पहिला अल्बम 'द पायपर अ‍ॅट द गेट्स ऑफ डॉन' केला, त्याच इमारतीत. शेजारच्या स्टुडिओत 'सार्जंट पेपर' चालू होतं. प्रभाव म्हणून जे बोलतो ते पुष्कळदा असंच असतं, तीच भिंत, तीच मशीन, तीच माणसं.

बर्वेकाका

माझं वय सत्तरीपार. दोन शब्द मुंबईचे.

त्या वर्षांत आपल्याकडे गाणं रेकॉर्ड व्हायचं म्हणजे फेमस किंवा मेहबूब स्टुडिओत पन्नास-साठ वादक एकत्र बसायचे, गायक काचेच्या खोलीत, आणि सगळं एका दमात. शेवटच्या अंतऱ्यात एका व्हायोलिनचा गज घसरला की सगळं पहिल्यापासून. माझे मामा तिथे वाजवत. त्यांच्याकडून या गोष्टी ऐकत मी वाढलो. मामांना मी 'टुमॉरो नेव्हर नोज' ऐकवलं तेव्हा त्यांनी विचारलं, "यात एकाच वेळी किती माणसं बसली होती?" मी समजावलं. त्यांना कौतुक वाटलं आणि थोडं वाईटही वाटलं. एका दमात साठ माणसं चुकत नाहीत, त्याचीही एक कला असते, असं ते म्हणाले. चुंबकफीत यांच्या मुद्द्याची ही दुसरी बाजू मला आजही महत्त्वाची वाटते.

हॅरिसन सप्टेंबर १९६६ मध्ये, म्हणजे 'रिव्हॉल्व्हर' नुकताच आलेला असताना, रविशंकरांकडे शिकायला मुंबईत आला आणि ताजमध्ये उतरला. लोकांनी ओळखलं, बाहेर गर्दी जमली, आणि मग गुरु-शिष्य काश्मीरला हाउसबोटीवर गेले. जानेवारी १९६८ मध्ये तो पुन्हा आला तो थेट एचएमव्हीच्या मुंबईतल्या स्टुडिओत. 'वंडरवॉल' चित्रपटाच्या संगीतासाठी. आशिष खाँ, शिवकुमार शर्मा, महापुरुष मिश्र अशी मंडळी होती. 'द इनर लाइट' या गाण्याचं वाद्यसंगीतही त्याच दिवसांत इथेच झालं, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया. म्हणजे बीटल्सच्या एका गाण्याचा मूळ सांगाडा मुंबईचा आहे, हे आपल्या पोरांना ठाऊक असायला हवं.

त्यासाठी स्टिरिओ मशीन कलकत्त्याहून आणवणारे एचएमव्हीचे भास्कर मेनन पुढे अमेरिकेत कॅपिटल कंपनीचे प्रमुख झाले आणि १९७३ मध्ये पिंक फ्लॉइडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' अमेरिकेत विकण्यासाठी त्यांनी जिवाचं रान केलं.

ढोलकीवाला

बर्वेकाका, दंडवत. तुमच्या मामांवर स्वतंत्र धागा काढाच.

चौथी_खुंटी

+१. आणि त्यात वादकांची नावंही द्या.

अंजुणेकर

गोव्याची बाजू सांगतो. आमच्या अंजुण्याच्या किनाऱ्यावर हिप्पी साठीच्या दशकाच्या शेवटापासून येऊ लागले, आणि त्यांच्या पार्ट्यांत सुरुवातीला रॉकच वाजायचं. ऐंशीच्या दशकात इलेक्ट्रॉनिक संगीत आलं. तेव्हाचे डीजे कॅसेटवर गाण्यांतला गायनाचा भाग कापून टाकायचे आणि फक्त वाद्यांचे तुकडे पुन्हा पुन्हा जोडायचे, म्हणजे नाच रात्रभर न तुटता चालावा. तबकड्या इथल्या उकाड्यात वाकायच्या, म्हणून पुढे डॅट टेपवर, म्हणजे डिजिटल कॅसेटवर, सगळं आलं. त्यातूनच गोवा ट्रान्स. एकच स्वर धरून ठेवायचा, ताल बदलायचा नाही, आणि वर आवाज येत-जात राहायचे. खर्जातला_सा यांचा तंबोरा आणि चुंबकफीत यांची लूप, दोन्ही आमच्या वाळूत एकत्र पाहायला मिळतात.

गावातल्या लोकांना त्या पार्ट्यांचा त्रासही खूप झाला. रात्रभर आवाज, कचरा, नशेचा धंदा. संगीत मला मनापासून आवडतं आणि आईला तेव्हा झोप लागायची नाही, हेही तितकंच खरं. दोन्ही सांगितल्याशिवाय गोव्याची गोष्ट पुरी होत नाही.

तळेगावकर

अंजुणेकर, प्रामाणिक प्रतिसाद. नशेच्या धंद्याने किती घरं बसली ते विसरून या संगीताचे गोडवे गाऊ नयेत.

आता प्रभावाचे थेट पुरावे देतो. 'टॅक्समन'ची बास घ्या. द जॅमच्या 'स्टार्ट!'मध्ये ती जवळजवळ तशीच आहे आणि ते गाणं १९८० मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. 'टुमॉरो नेव्हर नोज'चा ड्रम घ्या. केमिकल ब्रदर्सचं 'सेटिंग सन', १९९६, पुन्हा पहिला क्रमांक, आणि गायला नोएल गॅलॅघर. फिल कॉलिन्सने १९८१ च्या आपल्या पहिल्या एकल अल्बमचा शेवट त्याच गाण्याने केला. 'मॅड मेन' या मालिकेने २०१२ मध्ये ते मूळ गाणं वापरण्यासाठी सुमारे अडीच लाख डॉलर मोजल्याच्या बातम्या होत्या.

आणि चुंबकफीत, 'स्टेजवर वाजवणं शक्य नव्हतं' यावर. सप्टेंबर १९७६ मध्ये लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये ८०१ नावाच्या गटाने ते वाजवलं. फिल मँझनेरा गिटारवर, गायला ब्रायन ईनो. रेकॉर्डिंग उपलब्ध आहे, जरूर ऐका.

चुंबकफीत

ऐकलंय, आणि जबरदस्त आहे. पण बघा, दहा वर्षं लागली आणि तेही ईनोसारखा स्टुडिओत वाढलेला माणूस लागला. तोवर स्टेजच रेकॉर्डच्या मागे धावू लागलं होतं. माझं म्हणणं त्याने घट्ट होतं.

न्यूजर्सीचे_नाना

२०२२ ची नवी आवृत्ती कुणी ऐकली का? चित्रपट-दिग्दर्शक पीटर जॅक्सनच्या चमूने एकाच ट्रॅकवर मिसळलेली वाद्यं संगणकाने सोडवून दिली आणि जॉर्ज मार्टिनचा मुलगा जाइल्स मार्टिनने नव्याने मिश्रण केलं. 'टॅक्समन'मध्ये गिटार, बास आणि ड्रम एकाच ट्रॅकवर होते, ते आता वेगळे ऐकू येतात. त्याच संचात 'यलो सबमरीन'चा लेननने घरी केलेला कच्चा मसुदा आहे. इतकं उदास गाणं पुढे मुलांचं गाणं झालं हे ऐकून मी थक्क झालो.

नवखी

पण मग मी नेमकं कोणतं ऐकू? मोनो, जुनं स्टिरिओ की २०२२?

फेडर_वर

मोनो आधी ऐक. १९६६ मध्ये बीटल्सचं लक्ष मोनो मिश्रणावरच असायचं, स्टिरिओ मागाहून उरकलं जायचं. दोन्हींत 'टुमॉरो नेव्हर नोज'च्या लूप कमी-जास्त वेगळ्या उठतात. खरं तर मोनोही दोन आहेत. कारखान्यातून निघालेल्या पहिल्या काही प्रतींवर या गाण्याचं अकरावं रीमिक्स गेलं होतं, ते थांबवून आठवं घेतलं. त्या पहिल्या प्रतींसाठी संग्राहक जीव टाकतात.

यावरून मूळ प्रश्नाकडे येतो, कारण इतके प्रतिसाद वाचताना मला बर्वेकाकांचे मामा सारखे आठवत होते. लूपचं काम ७ एप्रिलला झालं. इमारतीतल्या वेगवेगळ्या खोल्यांतल्या पाच मशीनवर पाच लूप फिरत होत्या. टेप ताणलेली राहावी म्हणून प्रत्येक मशीनपाशी एकेक माणूस पेन्सिल धरून उभा. सगळे आवाज एकाच वेळी मिश्रणाच्या टेबलावर येत होते आणि तिथे फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकती बटणं) वर-खाली करून कुठला लूप कधी उठवायचा ते त्या क्षणी ठरत होतं. ते पुन्हा हुबेहूब करणं अशक्य आहे, असं जॉर्ज मार्टिन नंतर सांगत.

तेव्हा तिथेही माणसं एकत्र जमली होती आणि एका दमातच वाजवत होती. वाद्य म्हणून हातात मशीन आणि पेन्सिली होत्या. चुंबकफीत म्हणतात ते मला मान्य आहे, रेकॉर्ड मूळ कृती झाली. पण त्या कृतीच्या पोटात एक मैफल आहे, आणि हे आपण मुलांना शिकवताना गाळतो. माझ्याकडे शिकायला येणारी मुलं लूप एकदा लावतात आणि चार मिनिटं तशीच सोडून देतात. मी त्यांना फेडरवर हात ठेवून गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवायला लावतो. निकाल लगेच ऐकू येतो.

बर्वेकाका

हे मामांना ऐकवायला हवं होतं. फार समाधान वाटलं.

चुंबकफीत

फेडर_वर, पूर्ण सहमत. धाग्यात मला जे म्हणायचं होतं त्याला तुम्ही आणि काकांनी नेमकी जागा दिलीत. खर्जातला_सा, तुम्हाला एक विनंती आहे. 'लव्ह यू टू'मध्ये भागवतांचा ठेका कुठे बदलतो आणि शेवटची द्रुत कशी चढते, ते बोलांसह लिहाल का?

खर्जातला_सा

लिहितो. मात्र ढोलकीवाला, तबला तुम्ही लावूनच ठेवला आहे, तेव्हा बोल तुम्ही उतरवा. सतारीची सुरावट मी देतो.

ढोलकीवाला

जमेल. शनिवारी वेगळा धागा काढू.